शंभर दिवसांचा डोंगर: आल्प्समधली सुट्टी आणि तिथले वन्यजीव

आल्प्समध्ये समुद्रसपाटीपासून साधारण 2000 मीटरच्या वर, जिथे झाडे विरळ होत संपतात आणि कुरणे सुरू होतात, तिथे बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत जेमतेम शंभर-सव्वाशे दिवस मिळतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत. तिथल्या प्रत्येक जिवाचे वर्ष या दिवसांवर उभे असते. खारीच्या कुळातला, मांजरापेक्षा मोठा आणि गुबगुबीत मार्मोट याच काळात खाऊन अंगावर चरबी चढवतो, कारण पुढचे सहा महिने तो बिळात झोपून काढणार असतो. रानबोकडाचे करडू याच काळात कड्यावर पाय रोवायला शिकते. जेन्शियनचे गर्द निळे फूल उमलते आणि बी धरते. शेतकरी गुरे वरच्या कुरणात चढवतो आणि खालच्या उतारावरचे गवत कापून हिवाळ्याची बेगमी करतो. आणि नेमक्या याच दिवसांत शहरांतली माणसे सुट्टीला येतात.

अशा सुट्टीचा विचार करताना आपण बहुतेक वेळा जागेचाच विचार करतो. कुठला डोंगर, कुठले तळे, कुठून दिसणारे शिखर. पण आल्प्समधला खरा प्रश्न वेळेचा आहे. एवढासा हंगाम इतक्या जणांनी कसा वाटून घ्यायचा? हा डोंगर सुमारे 1200 किलोमीटर लांबीच्या कमानीत फ्रान्सपासून स्लोव्हेनियापर्यंत आठ देशांतून जातो आणि जवळपास 1.4 कोटी लोक त्याच्या अंगाखांद्यावर राहतात. म्हणजे हे निर्मनुष्य रान नव्हे, शेजारधर्म पाळत जगण्याची जागा आहे. गेल्या दीडशे वर्षांत तिथल्या लोकांनी या प्रश्नाची काही उत्तरे शोधली. काही फसली, काही विलक्षण यशस्वी झाली. त्या उत्तरांचा हा आढावा.

भीतीच्या जागी ओढ

अठराव्या शतकापर्यंत आल्प्स म्हणजे व्यापाऱ्यांनी आणि यात्रेकरूंनी कसाबसा ओलांडायचा अडथळा होता. 1760 मध्ये जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी माँ ब्लाँचा माथा गाठण्याचा मार्ग शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. 8 ऑगस्ट 1786 रोजी शामोनीचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि डोंगरात स्फटिक शोधून विकणारे जॅक बाल्मा तिथे पोहोचले. पुढे 1857 मध्ये लंडनला अल्पाइन क्लब निघाला, 1862 मध्ये ऑस्ट्रियाचा आणि 1863 मध्ये स्वित्झर्लंड व इटलीचा. त्याच 1863 मध्ये थॉमस कुक यांनी स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली. 1871 मध्ये लेस्ली स्टीफन यांनी आपल्या पुस्तकाला ‘युरोपचे क्रीडांगण’ अशा अर्थाचे नाव दिले, तेव्हा शे-सव्वाशे वर्षांत डोंगराकडे पाहण्याची दृष्टी किती पालटली होती ते कळते.

हा झाला शिखरे सर करणाऱ्यांचा इतिहास. आजची डोंगरातली सुट्टी मात्र दुसऱ्या एका प्रवाहाची जास्त ऋणी आहे. 1895 मध्ये व्हिएन्नात कामगारांनी ‘नाटूरफ्राउंडे’, म्हणजे निसर्गमित्र, ही संघटना सुरू केली. कारखान्यात आठवडा घालवणाऱ्या माणसालाही रविवारी डोंगरावर चालायचा अधिकार आहे, हा तिचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी वाटा आखल्या आणि स्वस्त निवारे बांधले. चालणे हा श्रीमंतांचा छंद उरला नाही, ती सगळ्यांची गोष्ट झाली. पुढे गर्दीचा प्रश्न उभा राहिला तो या चांगल्या गोष्टीतूनच. म्हणून आल्प्समधल्या गर्दीविषयी बोलताना हा हक्क विसरून चालत नाही.

जे संपले होते, ते परत आले

माणसांचे जाणे-येणे वाढत होते, त्याच काळात डोंगरातले प्राणी नाहीसे होत होते. सर्वांत बोलकी गोष्ट आयबेक्सची. हा वळणदार, गाठीगाठींच्या शिंगांचा रानबोकड. मोठ्या नराची शिंगे मीटरभर लांब होतात. त्याचे शिंग, रक्त, पोटातला खडा, सगळे औषधी मानले जाई आणि त्यापायी त्याची शिकार होई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या ग्रान पारादीसोच्या कड्यांवर जेमतेम शंभरेक उरले होते. जगात इतरत्र एकही नाही. 1821 मध्ये तिथे शिकारीवर बंदी आली. 1856 मध्ये राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याने तो प्रदेश स्वतःच्या शिकारीसाठी राखला आणि पहारेकरी नेमले. राजाच्या शिकारीपायी का होईना, बाकीच्यांच्या बंदुका थांबल्या. 1922 मध्ये तिथेच इटलीचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले.

स्वित्झर्लंडला आपल्या डोंगरात आयबेक्स पुन्हा हवे होते, पण इटलीचा राजा द्यायला तयार नव्हता. तेव्हा 1906 पासून करडे चोरून सीमेपार आणली गेली, सांक्ट गालन शहराजवळच्या प्राणी उद्यानात वाढवली गेली आणि 1911 मध्ये पहिली तुकडी डोंगरात सोडली गेली. आज आल्प्सभर पन्नास हजारांहून जास्त आयबेक्स आहेत, आणि ते सगळे त्या मूठभर पूर्वजांचे वंशज. त्यामुळे त्यांच्यातले जनुकीय वैविध्य फार कमी आहे आणि एखादी साथ महागात पडू शकते. संख्या परत आली, तरी गमावलेले सगळेच परत येत नाही.

दुसरी गोष्ट दाढीवाल्या गिधाडाची. हिमालयात भटकणाऱ्या मराठी गिर्यारोहकांना हा पक्षी ओळखीचा आहे. लांब पाचरीसारखी शेपटी आणि अडीच मीटरहून मोठा पंखांचा पसारा. मेलेल्या जनावरांची हाडे हे त्याचे मुख्य अन्न. मोठे हाड उंचावरून खडकावर टाकायचे, फोडायचे आणि तुकडे गिळायचे. हा कोकरे पळवतो, पोरे पळवतो, अशी समजूत होती. तिच्यापायी त्याला मारत सुटले आणि आल्प्समधला शेवटचा पक्षी 1913 मध्ये इटलीच्या आओस्ता खोऱ्यात मारला गेला. 1986 मध्ये ऑस्ट्रियाच्या राउरिस खोऱ्यात, पिंजऱ्यात जन्मलेली पिल्ले कड्याच्या कपारीत ठेवून पुन्हा सुरुवात झाली. पंखांची काही पिसे रंग उडवून फिकी केलेली असतात. उडताना कुठले पक्षी कुठे पोहोचले ते त्यावरून ओळखता येते. दुर्बीण घेतलेले हजारो हौशी डोंगरयात्री या नोंदींना हातभार लावतात. 1997 मध्ये फ्रान्सच्या ओत-साव्हुआ भागात रानात जन्मलेले पहिले पिल्लू घरट्यातून उडाले. हाडाच्या तुकड्यावर जगणारा पक्षी माणसाच्या गैरसमजामुळे गेला आणि माणसाच्याच चिकाटीने परतला.

चालण्याचा हक्क आणि वाटेची शिस्त

आल्प्समधल्या सुट्टीचा कणा म्हणजे चालणे. 1907 च्या स्विस नागरी संहितेच्या 699 व्या कलमानुसार रान आणि कुरण कोणाच्याही मालकीचे असले तरी तिथे जायला सर्वांना मुभा आहे आणि रानबेरी, अळंबी स्थानिक रिवाजाच्या मर्यादेत वेचताही येतात. 1946 च्या बव्हेरियाच्या राज्यघटनेत निसर्गाचा आनंद घेण्याचा हक्कच लिहिलेला आहे. 1979 मध्ये स्विस लोकांनी मतदान करून पायवाटांची तरतूद देशाच्या घटनेत घातली. आज त्या लहानशा देशात खुणा केलेल्या सुमारे 65,000 किलोमीटर वाटा आहेत.

या खुणांची भाषा शिकून घेण्यासारखी आहे. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, कोणालाही जमणारी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: चढ, दगड, निसरडा उतार, पायात घट्ट बूट हवेत आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे हिमनदी किंवा कड्यावरून जाणारी कठीण वाट, जाणकारांसाठीच. पाटीवर अंतर लिहिलेले नसते, वेळ लिहिलेला असतो. डोंगरात किलोमीटर फसवतात, तास फसवत नाहीत. त्यात विसाव्याचा वेळ धरलेला नसतो, तो ज्याने त्याने आपला मिळवायचा.

वर मुक्कामाला क्लबांचे निवारे असतात. मोठ्या खोलीत ओळीने गाद्या, सोबत आणायची पातळ झोपायची पिशवी, ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकच जेवण, आणि रात्री दहाला दिवे बंद. स्विस अल्पाइन क्लबचे असे दीडशेच्या आसपास निवारे आहेत. सामान हेलिकॉप्टरने किंवा पाठीवरून येते, पाणी मोजून वापरायचे असते, कचरा आपापला खाली न्यायचा असतो. आषाढीच्या वाटेवर मुक्कामी राहिलेल्याला यातला बंधुभाव लगेच कळेल: अनोळखी माणसे, एकच पंगत, आणि पहाटे पुन्हा चालायचे.

मोकळीक आणि शिस्त यांची जोड सर्वांत कडक दिसते ती स्विस राष्ट्रीय उद्यानात. एंगाडीन खोऱ्यातले हे सुमारे 170 चौरस किलोमीटरचे उद्यान 1914 मध्ये स्थापन झाले. आल्प्समधले ते सर्वांत जुने. वाट सोडायची नाही. फूल तोडायचे नाही. कुत्रा, दोरीला बांधलेला असला तरी, आणायचा नाही. सायकल नाही, तंबू नाही. हिवाळ्यात उद्यान बंद. वाचताना हे जाचक वाटते. पण याच उद्यानात हरणे, आयबेक्स आणि मार्मोट वाटेपासून फार दूर न जाता निवांत चरताना दिसतात. कारण सोपे आहे. माणूस रोज त्याच वाटेने येतो आणि त्याच वाटेने जातो हे प्राण्याला एकदा उमगले की त्याला पळावे लागत नाही. अनपेक्षित ठिकाणी उगवणारा एकटा माणूस त्याला शंभर वाटसरूंपेक्षा जास्त घाबरवतो. वाटेवर राहणे हा आपल्यावरचा निर्बंध आहे, आणि प्राणी पाहण्याचा सर्वांत खात्रीचा उपायही तोच आहे.

पाहावे कसे

वन्यजीव पाहायचे तर फ्रान्सचे व्हानुआझ उद्यान (1963) आणि त्याला लागून असलेले ग्रान पारादीसो, जर्मनीचे बेर्ख्टेसगाडन (1978), ऑस्ट्रियाचे होहे टाउएर्न (1981) आणि स्लोव्हेनियाचे ट्रिग्लाव्ह ही नावे लक्षात ठेवावीत. पण जागेपेक्षा घड्याळ महत्त्वाचे. मार्मोटला घाम फारसा येत नाही, ऊन सोसत नाही. भर दुपारी तो बिळात असतो. सकाळी लवकर आणि संध्याकाळी तो बाहेर दिसतो. आयबेक्सही उकाड्यात उंच आणि सावलीत सरकतात; तापलेल्या दिवसांनंतर ते रात्री जास्त चरतात, असे अलीकडच्या अभ्यासात दिसले आहे. इटलीच्या चिंजिनो धरणाच्या जवळपास उभ्या भिंतीवर आयबेक्सच्या माद्या आणि करडे दगडातले क्षार चाटायला चढतात. डोळ्यांवर विश्वास बसू नये असे ते दृश्य.

मार्मोटची शीळ आल्प्समध्ये जाणाऱ्याच्या कायम लक्षात राहते. ती खरे तर गळ्यातून निघालेली किंकाळी असते. पहारा देणारा मार्मोट गरुड, कोल्हा किंवा माणूस दिसताच ती देतो आणि सगळे कुटुंब बिळाकडे धावते. प्रत्येक धावण्यात चरण्याचा वेळ जातो. हिवाळ्यात हे कुटुंब एकमेकांना चिकटून झोपते, अंगाचे तापमान काही अंशांवर येते, हृदयाचे ठोके मिनिटाला मोजके पडतात. वसंतात जागे होईपर्यंत वजन खूप घटलेले असते. उन्हाळ्यात किती चरबी जमली यावर, विशेषतः पिल्लांचे, पुढचे वर्ष ठरते. म्हणूनच काही पर्यटनस्थळी मार्मोटला शेंगदाणे, गाजरे भरवण्याची चाल पडली आहे ती अयोग्य वाटते. मुलांना आनंद होतो हे खरे. पण गवत-पाल्यावर जमणारी चरबी वेगळी आणि पर्यटकाच्या हातातला खाऊ वेगळा.

कुरणाचे धनी

आल्प्सची कुरणे निसर्गाने जशीच्या तशी दिलेली नाहीत. शतकानुशतके गुरे चारून, गवत कापून ती मोकळी ठेवली गेली आहेत. चराई थांबली की झुडपे वाढतात आणि फुलांचे वैविध्य घटते. उन्हाळ्यात गुरे वर नेण्याची स्विस परंपरा 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आपल्याकडचा धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतो, तिथला गुराखी जूनमध्ये उंचावर चढतो. दिशा वेगळी, गवतामागे चालण्याचे शहाणपण एकच. सप्टेंबरमध्ये गुरे फुलांनी सजून, मोठ्या घंटा वाजवत खाली येतात. वर एखादे जनावर दगावले किंवा घरात दुःख झाले असेल तर कित्येक खोऱ्यांत त्या वर्षी सजावट करत नाहीत.

शेतघरात राहण्याची सुट्टी यातूनच रुजली. ऑस्ट्रियात आणि इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये हजारो कुटुंबे पाहुणे ठेवतात. इटलीने 1985 मध्ये कृषी पर्यटनासाठी स्वतंत्र कायदा केला. पहाटे दूध काढणे पाहावे, कढईत चीज होताना पाहावे, गवताच्या गंजीशेजारी मुलांनी खेळावे. छोट्या शेतकऱ्याला जोड उत्पन्न मिळते आणि कुरण टिकते. महाराष्ट्रानेही 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा हा अनुभव आपल्यालाही उपयोगी आहे.

मात्र कुरण हे कामाचे ठिकाण आहे याची जाणीव हवी. 2014 मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये कुत्रा घेऊन चालणारी एक पर्यटक वासरांच्या आयांच्या हल्ल्यात मरण पावली. खटला वर्षानुवर्षे चालला आणि 2020 मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी शेतकरी आणि पर्यटक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली. या प्रकरणानंतर वाटावाटांवर नियम लागले: वासरांपासून दूर राहा, कळपाला वळसा घाला, गाय अंगावर आली तर कुत्र्याची दोरी सोडून द्या. मे-जूनमध्ये उंच गवतात शिरू नये याचेही कारण आहे. तिथे हरणाची पाडसे निपचित पडलेली असतात आणि गवत कापणारे यंत्र आले तरी पळत नाहीत. पहाटे उष्णता टिपणारे ड्रोन उडवून स्वयंसेवक ती शोधून बाहेर काढतात.

लांडगा हा आजचा सर्वांत तीव्र वाद. 1992 मध्ये इटलीतून तो फ्रान्सच्या मेर्कांतूर उद्यानात आपल्या पायांनी परतला, 1995 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दिसला आणि 2012 मध्ये कालांडा डोंगराच्या परिसरात तिथला पहिला कळप नांदू लागला. शहरातल्यांना तो निसर्ग सावरल्याची खूण वाटतो. मेंढपाळाला मात्र सकाळी उठून फाडलेल्या मेंढ्या दिसतात. दोघांचेही खरे आहे. डिसेंबर 2023 पासून स्वित्झर्लंडने नुकसान होण्याआधीच काही लांडगे मारण्याची परवानगी दिली आहे आणि 2025 मध्ये युरोपीय संघानेही त्याचे संरक्षण सैल केले. मेंढपाळ राखणीचे पांढरे, मोठे कुत्रे पाळतात. ते कळपासोबतच वाढतात आणि अनोळखी माणसावर भुंकत येतात. तेव्हा थांबावे, सायकलवरून उतरावे, शांत आवाजात बोलावे आणि कळपाला लांबून वळसा घालावा. आपले दख्खनचे माळ लांडगा आणि मेंढपाळ यांच्या सहवासाचे जुने क्षेत्र आहे. हा ताण आपल्याला नवा नाही.

इटलीच्या ट्रेंटिनोत 1999 ते 2002 या काळात स्लोव्हेनियातून दहा अस्वले आणून सोडली. आज तिथे शंभराच्या आसपास अस्वले आहेत. एप्रिल 2023 मध्ये एका तरुण धावपटूचा अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि सगळे खोरे हादरले. प्राणी परत आणणे हे अर्धे काम असते. लोकांना त्याच्याबरोबर राहायला तयार करणे, कचरापेट्या बंद ठेवणे, वाटांवर माहिती देणे, हे उरलेले अर्धे. ट्रेंटिनोत ते मागे पडले, असे माझे मत आहे. त्याची किंमत माणसाने दिली आणि अस्वलांनीही दिली.

आकाश, पाणी आणि गर्दी

पॅराग्लायडिंगचा जन्म 1978 मध्ये फ्रान्सच्या मियसी गावाच्या डोंगरावर झाला. आज आल्प्सच्या प्रत्येक मोठ्या खोऱ्यात रंगीत छत्र्या तरंगतात. कड्यालगत डोक्यावरून सरकणारी सावली म्हणजे गरुड, असे शॅमॉयला, म्हणजे आयबेक्सपेक्षा लहान, आखूड आकडेबाज शिंगांच्या कड्यावरच्या बोकडाला, वाटते आणि तो धावत सुटतो. घरटी असलेले कडे टाळून उडावे अशी क्षेत्रे नकाशात दाखवलेली असतात. सायकलींनाही, विशेषतः बॅटरीवर चालणाऱ्या, ठरवून दिलेल्या वाटा आहेत, कारण पूर्वी संध्याकाळी जिथे कोणी पोहोचत नसे तिथे आता सहज पोहोचता येते.

पाण्याबाबत चांगले आणि वाईट दोन्ही धडे एकाच ठिकाणी मिळतात. बव्हेरियाच्या कॉनिग्जझे तळ्यात 1909 पासून विजेवरच्या बोटी चालतात. शंभर वर्षांहून जास्त काळ त्या तळ्यावर शांतता टिकली आहे. त्याच तळ्याच्या वर धबधब्यातल्या एका नैसर्गिक डोहाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली, नव्या पायवाटा उमटल्या, झाडोरा तुडवला गेला आणि 2021 मध्ये उद्यानाने तो भाग पाच वर्षांसाठी बंद केला. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएंझ तळ्याकाठच्या इझेल्टवाल्ट गावाने एका कोरियन मालिकेत दिसलेल्या धक्क्यावर फोटोसाठी 2023 मध्ये पाच फ्रँकचे शुल्क लावले. गर्दी आल्प्सभर नाही. ती थोड्या ठिकाणी, थोड्या तासांत कोंबलेली आहे. शेजारचे खोरे बहुतेक वेळा रिकामे असते.

हिवाळा: उपवासाचा काळ

1924 मध्ये शामोनीला पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले आणि बर्फ हा आल्प्सचा मोठा उद्योग बनला. आखलेल्या उतारांवरचे स्कीइंग प्राण्यांना निदान अंदाजात धरता येते. त्याबाहेर, अस्पर्श बर्फात शिरणारे स्कीवाले आणि बर्फजोडे घालून चालणारे हा खरा प्रश्न. काळा ग्राउज हा रानकोंबड्यासारखा पक्षी दिवसाचे बहुतेक तास बर्फात खोदलेल्या पोकळीत दडून काढतो, थोडा वेळ बाहेर येऊन टोचतो आणि पुन्हा आत. त्याला एकदा उठवले की साठवलेली उष्णता गेली, आणि ससाण्याच्या दृष्टीस पडण्याचा धोका वेगळाच. स्की चालणाऱ्या भागांतल्या पक्ष्यांच्या विष्ठेत ताणाचे संप्रेरक जास्त आढळले आहे. आयबेक्सही हिवाळ्यात हृदयाचे ठोके मंदावून, हालचाल कमी करून जगतात. एका धावेची किंमत त्यांना कित्येक दिवस मोजावी लागते.

याला उत्तर म्हणून स्वित्झर्लंडने वन्यप्राण्यांची शांतता क्षेत्रे आखली. साधारण डिसेंबर ते एप्रिल तिथे जायचे नाही किंवा ठरलेल्या वाटेनेच जायचे. ती सरकारी नकाशांत आणि फोनमध्येही दिसतात. हा नियम मला सगळ्यांत शहाणा वाटतो. तो डोंगर कायमचा बंद करत नाही. प्राण्यांचा उपवास सुरू असेपर्यंत तिथे जाऊ नका, एवढेच तो सांगतो.

वितळते दिवस

हवामानाने आता या हिशोबाचीच मांडणी बदलायला घेतली आहे. आल्प्स जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगाने तापले आहेत. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचा सुमारे दहा टक्के बर्फ गेला. 3 जुलै 2022 रोजी इटलीत मार्मोलाडा हिमनदीचा तुकडा कोसळून 11 जण मेले. मे 2025 मध्ये ब्लाटन हे स्विस गाव हिमनदी आणि खडकांच्या लोंढ्याखाली गाडले गेले. गावकऱ्यांना वेळेत हलवले होते म्हणून मोठी प्राणहानी टळली. युरोपातल्या 302 शिखरांच्या अभ्यासात माथ्यावरच्या वनस्पतींच्या जाती झपाट्याने वाढताना दिसल्या. ऐकायला बरे वाटते, पण त्या खालून वर सरकणाऱ्या आहेत आणि माथ्यावरच्या मूळ रहिवाशांना त्याहून वर जायला जागा नाही. हिवाळ्यात पांढरा होणारा टार्मिगन पक्षी बर्फ नसलेल्या खडकावर दुरूनही उठून दिसतो. शंभर दिवसांचे सव्वाशे झाले तर पर्यटकाचा हंगाम लांबेल. मार्मोटला मात्र जास्त दिवस आणि जास्त उष्ण दुपारी यांचा मेळ घालावा लागेल.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी

‘संगम’पासून ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’पर्यंतच्या चित्रपटांनी आल्प्स आपल्या घराघरांत पोहोचवला. मराठी कुटुंबे बहुतांशी मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत जातात. 3454 मीटरवरचे युंगफ्राउयोख 1912 पासूनच्या आगगाडीने गाठतात, बर्फ हातात घेतात, आणि परततात. तो आनंद मोठाच. पण मे महिन्यात उंचावरच्या वाटा बर्फाखाली असतात, बहुतेक निवारे जूनच्या मध्यानंतर उघडतात, आणि मार्मोट नुकते जागे होऊन हडकलेले असतात. मेमध्ये गेल्यास खोऱ्यांत चालावे: लाउटरब्रुनेनच्या जवळपास 300 मीटर उंचीच्या धबधब्याजवळून, माँत्रच्या वरच्या उतारांवर फुललेल्या रानटी नर्गिसांतून. कुरणे, प्राणी आणि निवारे हवे असतील तर जुलै-ऑगस्ट. तेव्हा इकडे पाऊस असतो, तिकडे डोंगर जागा असतो. गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यातून मेंदूज्वरासारखा आजार पसरतो. लांब पँट घालावी, संध्याकाळी अंग तपासावे. मदतीसाठी 112 हा क्रमांक युरोपभर चालतो. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा खुणा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. कास पठाराचा फुलोरा काही आठवड्यांचा. तोच त्या फुलांचा बी धरण्याचा काळ आणि तोच आपल्या सहलींचा. तिथे रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली ती याच कारणाने. आल्प्सकडून घेण्यासारखे हे की मर्यादा घालताना चालण्याचा हक्क काढून घेऊ नये आणि हक्क सांगताना हंगाम विसरू नये. आखीव वाट, ठरावीक महिने, स्थानिकांचा वाटा आणि स्पष्ट खुणा या चार गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे माणूस आणि प्राणी दोघेही टिकले. एक जरी निसटली, जसे डोहाच्या वाटेवर किंवा अस्वलांच्या खोऱ्यात झाले, तिथे शेवटी दार बंद करावे लागले किंवा बंदूक उचलावी लागली.

जुलैच्या सकाळी कुरणातल्या वाटेच्या कडेला बसावे. शीळ वाजेल, सगळे बिळात पळतील. उठू नये, पुढे सरकू नये. दहा मिनिटांनी एक डोके वर येते, मग दुसरे. अर्ध्या तासाने सगळे कुटुंब पुन्हा गवतात तोंड घालते आणि आपल्याकडे कोणी बघतही नाही. त्यांच्या शंभर दिवसांतला अर्धा तास आपण त्यांना परत केलेला असतो आणि आपल्या सुट्टीतला तो सर्वांत चांगला अर्धा तास असतो.